चुलीचा प्रवेश

चंद्रकुमारने माझ्या नाटकाबद्दल चांगलं लिहिलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हा माणूस गोंदियाच्या एका दैनिकात दर गुरुवारी नाटकांवर लिहितो आणि गेल्या वीस वर्षांत त्याला तीनच नाटकं आवडली आहेत. त्यातली दोन त्याच्या साडूची. माझ्या मागच्या नाटकाला त्याने 'मास्तरांनी रविवारी घेतलेला तास' म्हटलं होतं. मी मास्तर होतो हे खरं, आता निवृत्त आहे हेही खरं, पण ते वाक्य मला अजून पाठ आहे. विसरणं माझ्या स्वभावात नाही.

तर या खेपेला त्याने लिहिलं की 'तलावांचा जिल्हा' हे नाटक म्हणजे एका लेखकाला वाहिलेली खरी आदरांजली आहे आणि चुलीचा प्रवेश अंगावर काटा आणतो. कात्रण मी चार जणांना दाखवलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या दोघांना दोनदा दाखवलं.

नाटक उमराव डोंगरवारांच्या आयुष्यावर होतं. नवेगाव बांधचे धानकरी शेतकरी. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. गावच्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं हे ठरवायचं काम त्यांच्याकडे असे. पाणी सोडायचं, तलावाच्या बांधावर, पाळीवर बसायचं आणि बांधी भरेपर्यंत वहीत लिहायचं, ही त्यांची रीत. बांधी लहान असली की कथा लहान, असं ते स्वतःच सांगत. अशा लिहिलेल्या कथांची दोन पुस्तकं निघाली आणि नागपूरपर्यंत नाव झालं. मग सगळे त्यांच्या कादंबरीची वाट बघू लागले. तलाव बांधणाऱ्या माणसांवरची मोठी कादंबरी. ती कधी आली नाही, कारण ती त्यांच्या बायकोने चुलीत घातली.

हे मी ऐकीव सांगत नव्हतो. १९९४ साली मीच ती कादंबरी आणायला सायकलने गेलो होतो. नागपूरच्या एका संस्थेने सत्कार ठेवला होता आणि हस्तलिखित मागितलं होतं. काकाजी ओसरीत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या काकूनं चुलीत घातली." आतून धूर येत होता. सुशीलाकाकू चुलीपुढे बसून फुंकणी फुंकत होत्या. त्या म्हणाल्या, "हो, घातली. घरात धान्य नाई अन् कागदं भरून ठेवले." मी राखेतून एक अर्धवट जळालेला तुकडा उचलून आणला. त्यावर दोनच शब्द वाचता येत होते, 'तलावांचा जिल्हा'. तेच कादंबरीचं नाव असणार हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

तो तुकडा मी तीस वर्षं जपला. त्याच्यावर दोन व्याख्यानं रचून शाळाशाळांमधून दिली. अक्षर जरा वाकडंतिकडं होतं, त्यावरून लिहिणाऱ्याच्या मनाची घालमेल कशी दिसते, हे मी फळ्यावर काढून दाखवायचो. नाटकाला नाव तेच दिलं आणि गोंदियाच्या सभागृहात दाराशी तो तुकडा काचेच्या चौकटीत लावला. चंद्रकुमारने त्या अक्षरावर एक सबंध परिच्छेद लिहिला होता.

चुलीच्या प्रवेशात आमच्या संचातली गुंजन काकूंचं काम करायची. नाटकात बायकोला नाव नव्हतं. काकाजी काकूंना 'अवो' म्हणत, काकू त्यांना 'अजी' म्हणत. आमच्याकडे त्या पिढीत नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, म्हणून मीही घातलं नाही. गुंजन पदर खोचून एकेक वही फाडायची, चुलीत टाकायची, आणि काकाजींचं काम करणारा हिमांशू गुडघ्यांवर कोसळायचा. गोंदियात इथे टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूने कुणीतरी "हाय राम" म्हटलेलंही मला ऐकू आलं.

दिवाळीनंतर नवेगाव बांधच्या मंडईचं बोलावणं आलं. मंडई म्हणजे आमच्या भागातली दिवाळीनंतरची गावजत्रा. लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात आणि दुपारी मांडवात दंडार हा लोकनाट्याचा खेळ नाहीतर नाटक होतं. काकाजींच्या गावात काकाजींचं नाटक. मी नवा सदरा शिवून घेतला.

काकू पहिल्या रांगेत आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, पाठ अजून ताठ. सोबत मुर्री गावात दिलेली त्यांची लेक पुष्पांजली आणि तिची अकरा वर्षांची रेणू. घरून आणलेलं पोतं त्यांनी अंथरलं आणि तिघी बसल्या. मी पाया पडलो. "पाहू दे मंग," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं की त्या येणार नाहीत. आल्या तर रडतील, असंही वाटलं होतं. माझ्या नाटकामुळे त्यांना पश्चात्ताप होईल आणि मी मोठ्या मनाने त्यांना धीर देईन, इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं.

चुलीचा प्रवेश सुरू झाला. मांडवातली माणसं माना उंचावून काकूंकडे बघायला लागली. गुंजनने पहिली वही टाकली. रेणूने काकूंच्या कानात काहीतरी विचारलं. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या, रेणूला उठवलं, पोतं झटकून घडी केली आणि माणसांमधून वाट काढत निघून गेल्या. मागे कुणीतरी म्हणालं, "लागलं बुढीले." त्यावर लोक हसले. हिमांशू ठरल्याप्रमाणे गुडघ्यांवर कोसळला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू ओसरीत नवा तांदूळ पाखडत होत्या. मला वाटलं होतं दारातून परत पाठवतील.

"बस. चहा घेजो," त्या म्हणाल्या. "ते पोरगी काम चांगलं करते. पन पदर मी तसा नाई खोचत."

"काकू, तुम्ही उठून गेलात."

"रेणूनं इचारलं. म्हने, आजी, तू खरंच आजोबाचं पुस्तक जाळलं?" सूप त्यांनी मांडीवर ठेवलं. "तीस वर्स साऱ्या गावाले मी हो म्हनत आली. तिले हो म्हनता नाई आलं."

मला वाटलं, आता कबुली येणार.

"भुपेंद्रा," त्या म्हणाल्या, "जाळाले काई असतं त जाळलं असतं ना."

त्यांनी पुष्पांजलीला हाक मारून पेटी आणायला सांगितली. पत्र्याच्या त्या पेटीत काकाजींचा कोट होता आणि कोटाखाली सहा जाड वह्या. मी पहिली उघडली. वर तारीख, खाली काकाजींचं सुरेख अक्षर, 'प्रकरण पहिले'. त्याखाली तीन ओळी, त्याही खोडलेल्या. पुढची पानं कोरी. दुसरी वही उघडली. 'प्रकरण पहिले'. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. सहा वह्या आणि सहा वेळा पहिलं प्रकरण.

"चार वर्स बसले पाळीवर," काकू म्हणाल्या. "पानी भरे, बांधी भरे, वही नाई भरे. मंग नागपूरवाल्याईचं पत्र आलं. सत्कार करतो, कादंबरी घेऊन या. तवापासून जेवन सुटलं. पाळीवर गेले का मले भेव वाटे, माणूस घरी येते का नाई येत. म्या दोनदा पुष्पांजलीले पाठवलं, जा, बाबाजवळ बसून राह्य."

पुष्पांजली दारात उभी होती. तिने मान हलवली.

"मंग एक दिवस म्या म्हनलं, सांगून टाका का बायकोनं चुलीत घातली. ते म्हने, लोकायले पटन का? म्या म्हनलं, हरवली म्हनसान त कुठं हरवली इचारतीन. चोरली म्हनसान त कोनं चोरली इचारतीन. बायकोनं जाळली म्हनसान त कोनी काईच नाई इचारत. लगेच पटते." त्यांच्या तोंडावर एक बारीकसं हसू होतं. "अन् ते हासले, भुपेंद्रा. चार वर्सानं हासले. त्या दिवशी दोनदा भात मांगून खाल्ला."

या बाईला मी तीस वर्षं शाळाशाळांमधून नावं ठेवत हिंडलो होतो. लाज वाटली, असं म्हणणं फार कमी आहे. त्या ओसरीतून उठून चालतं व्हावं आणि पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये, असं वाटलं. पण स्वभाव बघा, तोंडातून शब्द निघाले ते भलतेच.

"मग राखेतला तो कागद?"

"धूर निघाले पायजे होता ना," काकू म्हणाल्या. "तू येनार माहीत होतं. हातात आलं ते घातलं चुलीत."

"माही भूगोलाची वही होती ते," पुष्पांजली दारातून म्हणाली. "तिसरीतली. 'भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे.' वही कुठं गेली म्हनून बाईनं मले वर्गाबाहेर उभं केलं होतं."

तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता, हे मी भूगोल शिकवणारा माणूस विसरलो होतो. तिसरीतल्या पोरीच्या अक्षरावर मी दोन व्याख्यानं दिली होती आणि तिच्या भूगोलाच्या वहीचं नाव नाटकाला दिलं होतं. पुष्पांजली हसायला लागली, मग काकूही हसल्या. मला मात्र हसायला दोन दिवस लागले.

मी म्हटलं, प्रवेश बदलतो. जे झालं ते दाखवतो. काकूंचं हसू तिथेच थांबलं.

"कायले? तेचं नाव मांगं रायलं हाये, ते राहू दे. लोकं म्हनतीन, कादंबरीच नोती, खोटा होता मानूस. हासतीन त्याईले. मी हाये तशी बरी हाये."

"आणि तुम्हाला जे म्हणतात ते?"

"मले सवय झाली."

रेणू इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "पण आजी, मग तू नाही जाळलं." काकू तिच्याकडे बघत राहिल्या, काल मांडवात बघितलं होतं तसंच.

मग काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "मुर्रीच्या मंडईले हाये ना तुहा खेळ? मी येनारच हावो पुष्पांजलीकडे. तिथं एकदा करून पाहा. पन लोकं त्याईच्यावर हासले त पुन्हा चूलच पेटवजो. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

प्रवेश मी एका बैठकीत लिहिला, कारण लिहायचं असं काही नव्हतंच. काकू बोलल्या ते उतरवलं. तालमीत हिमांशू भडकला. गोंदियाचा पोरगा, चिडला की हिंदीवर येतो. "सर, पूरे नाटक में तालियाँ उसी सीन पे हैं. चूल्हा हटा दोगे तो बचेगा क्या? मैं भात खाऊँ स्टेज पे?" मी म्हटलं, हो, खायचा, आणि दोनदा मागायचा. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. गुंजनने कागद वाचला, परत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "सर, त्या पदर कसा खोचतात?"

मुर्री गोंदियाला लागूनच, त्यामुळे चंद्रकुमारही आला. त्याला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. मांडीवर डायरी, हातात पेन. काकू बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, पोत्यावर, रेणूला लागून. मी पडद्याआडून नाटक बघतच नव्हतो, मी माणसं बघत होतो. काकाजींचं लग्न झालं, पहिलं पुस्तक आलं, सत्काराचं पत्र आलं. प्रत्येक हसू कुठून येतंय आणि कुणावर येतंय, हे मोजण्यात माझा जीव चालला होता.

नवा प्रवेश आला. हिमांशूने पहिली वही उघडली आणि वाचलं, "प्रकरण पहिले." ठेवली. दुसरी उघडली, "प्रकरण पहिले." तिसरीला मागून कुणीतरी खुसकन हसलं. चौथीला हिमांशूने काहीच वाचलं नाही, नुसती वही उघडून लोकांकडे धरली. हे मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. मांडव गप्प झाला.

मग गुंजन बोलली. पदर तिने काकूंसारखा डाव्या बाजूला, ढिला खोचला होता. "हरवली म्हनसान त कुठं हरवली इचारतीन. चोरली म्हनसान त कोनं चोरली इचारतीन. बायकोनं जाळली म्हनसान त कोनी काईच नाई इचारत. लगेच पटते."

बायकांच्या बाजूने हसू फुटलं. साधंसुधं नाही, सगळी बाजूच हलली. तोंडाला पदर लावून, एकमेकींना कोपराने ढोसत त्या हसत राहिल्या. पुरुष जरा उशिराने हसले आणि इकडेतिकडे बघत हसले. मी डोळे मिटले. लोक हसले होते. अट मोडली होती.

डोळे उघडले तेव्हा हिमांशू हसत होता. मग त्याने ताट पुढे ओढलं. गुंजनने भात वाढला. तो खायला लागला, कितीतरी दिवसांचा उपाशी माणूस खाईल तसा, खाली मान घालून. समोरच्या रांगेतला एक म्हातारा खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत होता. ताटातला भात संपला आणि हिमांशूने ताट पुढे करायच्या आधीच बायकांमधून एक आवाज आला, "आनखी वाढ वो त्याले, बाई."

आमच्याकडे प्रेक्षक नटांशी बोलतात, त्यात नवल नाही. पण गुंजनने त्या बाईकडे बघून मान डोलावली आणि वाढलं. टाळ्या पडल्या नाहीत. पडदा पडला तरी माणसं थोडा वेळ तशीच बसून राहिली.

मी मागच्या बाजूने काकूंकडे गेलो. "काकू, लोक हसले," मी म्हटलं. "कबूल केलं होतं. पुढच्या खेळाला चूल पेटवतो."

"त्याईच्यावर कोन हासलं?" काकू म्हणाल्या. "माह्या बोलन्यावर हासले. तेबी असेच हासले होते." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, ते वाहू दिलं. रेणूने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे मोठ्या ऐटीत बघत होती.

मी माईकवर गेलो. म्हटलं, आजचा चुलीचा प्रवेश मी लिहिलेला नाही. या प्रवेशाच्या लेखिका सुशीलाबाई, राहणार नवेगाव बांध. त्यांनी तो तीस वर्षांपूर्वी रचला, मी फक्त उतरवून घेतला. एवढंच बोललो. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. खुर्चीवर चंद्रकुमारने डायरीत काहीतरी लिहिलं आणि तो घाईने उठला.

गुरुवारी पेपर आला. मी तो रस्त्यातच वाचला आणि पुष्पांजलीच्या घरी गेलो. काकू अजून तिथेच होत्या, लेकीचा तांदूळ पाखडत. काकूंनी सोबत आणलेली, त्या सहातली एक वही रेणूपुढे उघडी होती. आजोबांचं पान तसंच ठेवून तिने पुढच्या पानापासून काहीतरी लिहायला घेतलं होतं आणि मी डोकावताच हाताने झाकलं.

"काय लिवलं मंग त्यानं?" काकूंनी विचारलं.

मी आढेवेढे घेतले. त्या म्हणाल्या, वाच. मी वाचलं. मूळ प्रवेश काढून नाटकाचा कणाच मोडला आहे, अंगावर काटा येत होता तिथे आता भात खाल्ला जातो, वगैरे. शेवटच्या परिच्छेदाशी मी अडखळलो, मग म्हटलं होऊन जाऊ दे. "'कोणतीही पत्नी असा कलंक आपणहून अंगावर घेईल, हे पटत नाही. या प्रवेशाच्या लेखिका सुशीलाबाई नवोदित दिसतात. संसारी स्त्रीचं मन त्यांना अजून उमगलेलं नाही.'"

पुष्पांजली कपाळाला हात लावून बसली. काकूंना आधी समजलं नाही, मग समजलं. त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता सुपातला तांदूळ सांडला.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "म्या सांगतलं होतं ना त्याईले? लोकायले जाळलेलीच पटते."

"मी पेपरात पत्र लिहितो," मी म्हटलं. मी खरोखरच तापलो होतो. "त्याला सांगतो या सुशीलाबाई कोण ते."

"काई नको लिवू." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले. "तिकडून चार गावचं बोलावणं आलं म्हनत होता ना? ते कोनता खेळ मांगून राहिले?"

"भाताचा."

"मंग झालं त." सांडलेला तांदूळ त्यांनी सुपात गोळा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते माह्या नावाचं वाक्य वाच बरं आनखी. लेखिका म्हनते का तिथं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, रेणूपुढे धरला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.